शुद्धिपत्र: चुका शोधणाऱ्या साधनाच्या पुस्तिकेतील चुकांचा इतिहास

१/ मागील एका धाग्यात माझ्याकडून एक चूक झाली. हार्वर्डच्या संगणकात सापडलेल्या पतंगाची गोष्ट सांगताना मी साल १९४५ असे लिहिले. दोन तासांच्या आत एका वाचकाची टिपणी आली: 'साल १९४७ हवे.' मी तपासून पाहिले. वाचकाचे म्हणणे बरोबर होते. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार प्रांजळपणे सांगते. ती नोंद गुपचूप काढावी, नवी चिकटवावी, कोणाच्या लक्षात येणार आहे! इतिहासाच्या विद्यार्थिनीला असे सुचावे याची पुढे लाज वाटली. आजचा धागा त्या लाजेतून निघाला आहे.

२/ विषय वरकरणी अगदी किरकोळ आहे. 'डीबगर' म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चालले आहे ते दाखवणारे साधन. प्रोग्राममधील चूक शोधण्यासाठी ते वापरतात. या साधनाबरोबर एक पुस्तिका असते, आणि पुस्तिका माणसेच लिहितात, म्हणून तिच्यातही चुका असतात: एखादा चुकीचा शब्द, उलटा पडलेला क्रम, जुने झालेले नाव. या चुका कोणी दुरुस्त केल्या, कोणत्या नियमांनी केल्या, आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, याचा हा इतिहास आहे.

३/ आधी माझी चूक निस्तरते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि 'बग' प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना, अशा अर्थाची मिस्कील नोंद शेजारी केली. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर यांनी ही गोष्ट पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितली आणि ती त्यांच्या नावाशी जोडली गेली. पतंग त्यांनी स्वतः शोधला, असे मात्र नव्हे.

४/ मग १९४५ कुठून आले? वहीच्या त्या पानावर दिवस आणि महिना आहे, साल नाही. ऐकीव कथेतून साल घसरले आणि एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत गेले. मीही ते तसेच उतरवून घेतले. दुसरी लोकप्रिय समजूत अशी की, 'बग' हा शब्दच या पतंगामुळे जन्मला. वास्तविक थॉमस एडिसन यांनी १८७८ मधील एका पत्रात यंत्रातील बारीकसारीक दोषांसाठी हा शब्द वापरलेला आहे. नोंदवहीतील विनोदाला अर्थ आहे तोच मुळी शब्द आधीपासून रूढ असल्यामुळे. 'प्रत्यक्ष सापडला' यातील 'प्रत्यक्ष' या शब्दावर सारा विनोद उभा आहे.

५/ शब्दाहून दुरुस्तीचा व्यवहार जुना आहे. मराठीतील जुनी पुस्तके चाळणाऱ्यांना 'शुद्धिपत्र' ओळखीचे असेल: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. पुस्तक छापून झाले, खिळे सुटे झाले, आता पान बदलणे शक्य नाही. तेव्हा चूक जागच्या जागी ठेवून तिची कबुली वेगळ्या कागदावर द्यायची. आज पडद्यावरचा मजकूर क्षणात बदलतो आणि जुन्याचा मागमूसही उरत नाही. शुद्धिपत्राला ही सोय नव्हती. त्यामुळेच ते इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

६/ शुद्धिपत्रालाही शुद्धिपत्र लागते, याचे गाजलेले उदाहरण एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्लंडमध्ये मायकेल टेलर यांची लॉगरिदमची कोष्टके १७९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील चुकांची यादी पुढे 'नॉटिकल अल्मनॅक' या नौकानयनाच्या वार्षिक ग्रंथात छापली गेली. त्या यादीत चूक निघाली. तिची दुरुस्ती छापली, तर त्या दुरुस्तीतही चूक! १८३४ मध्ये 'एडिंबरा रिव्ह्यू' या नियतकालिकात डायोनिशियस लार्डनर यांनी हा प्रकार जगापुढे मांडला. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राची गरज पटवून देणे हा त्यांचा हेतू होता. समुद्रावरील खलाशी या कोष्टकांच्या भरवशावर आपले स्थान ठरवीत. एका अंकाची किंमत तिथे कळत असे.

७/ यंत्र आले की चुका जातील, अशी आशा त्या लेखामागे होती. प्रत्यक्षात काय झाले? केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या एड्सॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत विल्क्स यांना जिन्यात जाताना एक जाणीव झाली, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे: उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे. त्यांच्या एका सुरुवातीच्या प्रोग्रामची कागदी फीत पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. तिच्यात सुमारे १२६ आज्ञा होत्या आणि वीसएक चुका.

८/ ही फीत मला अस्सल कागदपत्राइतकी मोलाची वाटते. विल्क्स यांनी नंतर सांगितलेली गोष्ट ही आठवण आहे; फीत हा समकालीन पुरावा आहे. त्याच प्रयोगशाळेतील स्टॅनली गिल यांनी १९५१ मध्ये एड्सॅकवरील प्रोग्राममधील चुकांचे निदान कसे करावे, यावर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. प्रोग्राम बंद पडल्यावर स्मृतीतील मजकूर छापून तपासणे हा एक मार्ग. त्याला शवविच्छेदनाचेच इंग्रजी नाव मिळाले. प्रोग्राम चालत असताना प्रत्येक आज्ञेचा माग छापत जाणे हा दुसरा. आजच्या डीबगरची बीजे या दोन मार्गांत आहेत.

९/ पुढचा टप्पा अमेरिकेतील एमआयटीचा. तिथल्या टीएक्स-झीरो या संगणकावर 'फ्लिट' नावाचे दोष शोधण्याचे साधन होते. नाव एका लांबलचक तांत्रिक नावाच्या आद्याक्षरांवरून बेतलेले. पण फ्लिट हे त्या काळच्या प्रसिद्ध कीटकनाशकाचे नाव होते, हे सर्वांना ठाऊक होते. आपल्या आजी-आजोबांना विचारा. ढेकूण-डासांवर 'फ्लिट मारणे' हा प्रयोग त्यांच्या तोंडी सापडेल. १९६१ मध्ये पीडीपी-वन या संगणकासाठी तसेच साधन तयार झाले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'डीडीटी'. अर्थात डेक डीबगिंग टेप.

१०/ इथे पुस्तिकेतील दुरुस्तीचा एक सुंदर नमुना भेटतो. 'टेप' म्हणजे कागदी फीत. काही वर्षांत फीत मागे पडली, इतर माध्यमे आली आणि नावातील एक शब्द खोटा ठरला. मग डेक कंपनीच्या पुस्तिकेत तळटीप आली: आता या अक्षरांचा अर्थ 'डायनॅमिक डीबगिंग टेक्निक' असा घ्यावा. जोडीला गंभीर चेहऱ्याने केलेला विनोदही होता. त्याच नावाच्या कीटकनाशकाशी गल्लत होण्याचे कारण नाही, कारण दोहोंचे भक्ष्य असलेले कीटक वेगवेगळ्या वर्गांतले आहेत, असा त्याचा आशय. पुढील आवृत्त्यांतून ही तळटीप वगळली गेली, अशी खंत 'जार्गन फाइल' या हॅकरांच्या शब्दकोशात नोंदवलेली आहे.

११/ तळटीप वगळल्याने साधनाच्या कामात काडीचा फरक पडला नाही. मात्र केवळ नवी आवृत्ती हाती असलेल्या वाचकाला त्या नावात कधीकाळी कागदी फीत होती, हे कळण्याचा मार्ग बंद झाला. चूक दुरुस्त करणे आणि चुकीची खूण पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने मजकूर सुधारतो, दुसरीने साधनसामग्री नष्ट होते. जुनी आवृत्ती जपून ठेवणारे ग्रंथपाल आणि हौशी संग्राहक नसते, तर ही गोष्ट मला सांगता आली नसती.

१२/ याच्या उलट वृत्ती युनिक्सच्या पुस्तिकेत दिसते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या माहितीपत्रकात ठरावीक शीर्षके असत: नाव, वापर, वर्णन इत्यादी. त्यांत 'बग्ज' हेही एक शीर्षक होते. साधनात जे दोष ठाऊक आहेत ते लेखकाने स्वतःच लिहून ठेवायचे. विकाऊ मालाच्या माहितीपत्रकात असे शीर्षक सहसा आढळत नाही. शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी चिकटते. युनिक्सने त्याला पुस्तकाच्या रचनेतच कायमची जागा दिली.

१३/ आता मुख्य पात्राकडे येऊ: जीडीबी, म्हणजे ग्नू डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८६ मध्ये हा डीबगर लिहिला. त्याची पुस्तिका आजही वाढते आहे. लेखक म्हणून स्टॉलमन, रोलंड पेश आणि स्टॅन शेब्स यांची नावे तिच्यावर आहेत. ती टेक्सइन्फो या पद्धतीत लिहिली जाते. एकाच मूळ मजकुरातून पडद्यावरची प्रतही निघते आणि छापील पुस्तकही. छापील प्रतीसाठी डोनाल्ड नुथ यांची टेक ही अक्षरजुळणी वापरतात. नुथ यांचे नाव ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

१४/ या पुस्तिकेच्या आरंभी नमुन्यादाखल एक शोधकथा आहे. एम-फोर नावाच्या प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हे बदलली की काम बिघडते. डीबगर लावून पाहता असे दिसते की, डाव्या चिन्हाची लांबी साठवण्याच्या जागी उजव्याची लांबी गेली आहे आणि उजव्याच्या जागी डाव्याची. उदाहरणात डावे चिन्ह ७ अक्षरांचे, उजवे ९ अक्षरांचे. डीबगरमधूनच दोन्ही किमती योग्य केल्या की सारे सुरळीत चालते. निष्कर्ष असा की, दोष म्हणजे केवळ टंकलेखनाच्या दोन चुका होत्या.

१५/ ही चूक एरवी कोणाच्या लक्षात का आली नाही? मूळची दोन्ही चिन्हे एकेका अक्षराची होती. दोन्ही लांबी १ असेल, तर अदलाबदल होऊनही फरक पडत नाही. चूक तिथेच होती, पण परिस्थिती तिला झाकत होती. पुस्तिकांतील चुकाही अशाच झाकलेल्या राहतात. हजार वाचक त्या वाक्यावरून पुढे जातात, कारण त्यांना त्या वाक्याची गरजच पडलेली नसते. ज्याला खरोखर गरज पडते तो अडखळतो, आणि बहुधा दोष स्वतःकडे घेतो.

१६/ डीबगरच्या पुस्तिकेतील चूक इतर पुस्तिकांतील चुकीहून अधिक जाचक का ठरते, याचे उत्तर इथे आहे. ही पुस्तिका उघडणारा माणूस आधीच संशयात असतो. आपला प्रोग्राम चुकला आहे हे त्याला ठाऊक असते; कुठे, ते ठाऊक नसते. एक उदाहरण घ्या. जीडीबीमध्ये एखाद्या ओळीवर थांबा लावला, तर प्रोग्राम ती ओळ पार पडण्यापूर्वी थांबतो. समजा पुस्तिकेत 'पूर्वी'च्या जागी 'नंतर' पडले. वाचक थांब्यावर किंमत पाहील, ती जुनीच दिसेल, आणि जी ओळ निर्दोष आहे तिच्यातच तो दोष शोधत बसेल. एका शब्दाने त्याची सारी संध्याकाळ वाया जाईल.

१७/ दुसरे उदाहरण दिशेचे. एका कार्याने दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी जीडीबी क्रमांक देऊन दाखवतो. सध्या चालू असलेल्याला शून्य क्रमांक, त्याला बोलावणाऱ्याला १, याप्रमाणे पुढे. 'वर जा' ही आज्ञा दिली की आपण बोलावणाऱ्याकडे जातो, म्हणजे मोठ्या क्रमांकाकडे. पण पडद्यावर यादी शून्यापासून खाली छापली जाते; म्हणजे 'वर' जाताना डोळा खाली सरकतो! इथे वर-खाली, आतले-बाहेरचे, नवे-जुने यांतील एक जरी शब्द उलटला, तरी वाचकाची दिशाभूल निश्चित. असे शब्द तपासणे हे क्षुल्लक काम म्हणता येणार नाही.

१८/ मग दुरुस्ती करायची कोणी? जीडीबीच्या व्यवस्थापनविषयक नोंदींत 'उघड दुरुस्ती'चा एक नियम आहे. ज्या बदलाला कोणीही हरकत घेण्याची शक्यता नाही, तो अधिकृत सहभागींनी आधी चर्चा न करता करावा. कसोटीही दिली आहे: तुमच्या कामाचा सर्वाधिक द्वेष करणाऱ्या माणसालाही या बदलात खोट काढता येईल का? येत असेल, तर बदल उघड नव्हे. आधी सर्वांपुढे मांडा. पुस्तिकेच्या बाबतीत हा नियम आणखी आवळला आहे. तिथे जवळजवळ टंकलेखनातील चूक किंवा सदोष इंग्रजी एवढेच 'उघड' मानले जाते.

१९/ या सावधगिरीमागे शहाणपण आहे. दुरुस्ती करणाऱ्याला वाटते, मी केवळ भाषा सुधारली. प्रत्यक्षात अर्थ सरकलेला असतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा धोका चांगला ठाऊक आहे. नकलनवीस अडाणी असेल तर तो दिसेल तशी अक्षरे गिरवतो आणि त्याची चूक सहज ओळखू येते. नकलनवीस चतुर असेल तर अवघड शब्द 'सुधारून' सोपा करतो. वाक्य सुबोध होते आणि मूळ पाठ हरवतो. टेलरच्या कोष्टकांची दुरुस्ती करणारेही हेतूने प्रामाणिकच होते.

२०/ कायद्याची बाजूही पाहू. ग्नूच्या अनेक प्रकल्पांत, जीडीबी धरून, मोठी भर घालणाऱ्याला आपला स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावा लागत असे. मात्र पंधराएक ओळींहून लहान बदल कायद्याच्या दृष्टीने नगण्य मानले जातात; त्यांना कागदपत्रे लागत नाहीत. म्हणजे एक अक्षर दुरुस्त करणाऱ्याचा पुस्तिकेवर कायदेशीर हक्क शून्य. बदलांच्या नोंदवहीत एका ओळीपुरते नाव राहते, तेवढेच. पण दार उघडे राहते ते या नगण्यपणामुळेच. वकिलाशिवाय, करारपत्राशिवाय कोणीही आत येऊन एक काना सरळ करू शकतो.

२१/ नगण्य चुकीला मोल देणारा माणूस म्हणजे डोनाल्ड नुथ. आपल्या पुस्तकांतील प्रत्येक नवी चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलर देतात. २५६ सेंट, म्हणजे दोनाचा आठवा घात. संगणकाच्या जगातला हा पूर्णांक 'डॉलर'. बहुतेकांनी त्यांचे धनादेश न वटवता चौकटीत लावून ठेवले. बँक खात्यांच्या फसवणुकीच्या भीतीने २००८ मध्ये त्यांनी खरे धनादेश थांबवले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. १९८९ मध्ये तर त्यांनी टेकमधील स्वतःच्या चुकांचा सविस्तर लेखाजोखा शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध केला. स्वतःच्या चुकांची बखर लिहिणारे विद्वान मोजकेच.

२२/ आता खरा वाद. चूक दिसली, दुरुस्ती सुचली, पण मजकूर बदलण्याची परवानगीच नसेल तर? स्टॉलमन यांचे म्हणणे असे: प्रोग्राम मुक्त असेल तर त्याची पुस्तिकाही मुक्त हवी. जो प्रोग्राम बदलतो, त्याला त्यानुसार पुस्तिकाही बदलता आली पाहिजे. नाहीतर प्रोग्राम एक सांगेल आणि पुस्तिका दुसरेच. हे आवाहन जीडीबीच्या पुस्तिकेत एक प्रकरण म्हणून छापलेले आहे. अशा पुस्तिकांसाठी फाउंडेशनने २००० मध्ये एक स्वतंत्र परवानाही प्रसिद्ध केला. या परवान्यानुसार मजकूर बदलता येतो. मात्र लेखकाने 'अपरिवर्तनीय' ठरवलेले भाग जसेच्या तसे ठेवावे लागतात.

२३/ आणि इथे इतिहासाने मोठी थट्टा केली. जीडीबीच्या पुस्तिकेत जे भाग अपरिवर्तनीय ठरवले गेले, त्यांत मुक्त पुस्तिकांची मागणी करणारे ते प्रकरणच होते! डेबियन या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २००६ मध्ये मतदान करून ठरवले की, या परवान्याखालील ज्या पुस्तिकांत अपरिवर्तनीय भाग नाहीत त्या मुक्त मानाव्यात. ज्यांत असे भाग आहेत त्या अर्थातच बाहेर राहिल्या. डेबियनमध्ये जीडीबी मुख्य संग्रहात आहे, आणि त्याची पुस्तिका 'अमुक्त' या वेगळ्या कप्प्यात.

२४/ दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. फाउंडेशनचे म्हणणे: तांत्रिक मजकूर संपूर्णपणे बदलता येतो, गोठवलेला भाग आमची भूमिका सांगणारा आहे, आणि दुसऱ्याची भूमिका बदलण्याचा हक्क कोणाला कशाला हवा? डेबियनचे म्हणणे: बदलता न येणारा एकही भाग असला, तर ते पुस्तक आमच्या व्याख्येत मुक्त नाही. मला व्यक्तिशः दुसरी बाजू अधिक पटते, कारण भूमिकाही जुनी होते आणि तिच्यातली उदाहरणेही शिळी होतात. तरी पहिल्या बाजूची भीतीही समजते. डेकच्या पुस्तिकेतली ती तळटीप गोठवलेली असती, तर ती वाचली असती.

२५/ जीडीबीच्या पुस्तिकेतील दोन जागा मला फार आवडतात. एक म्हणजे अर्पणपत्रिका: २००७ मध्ये निधन पावलेले, दीर्घकाळ या कामात राहिलेले फ्रेड फिश यांच्या स्मृतीस ती अर्पण आहे. दुसरी म्हणजे सहभागींची यादी. तिच्या आरंभी विनंती आहे की, तुमचे, तुमच्या मित्रांचे, किंवा समन्यायाने म्हणायचे तर तुमच्या शत्रूंचेही नाव अन्यायाने राहून गेले असेल, तर कळवा, आम्ही घालू. म्हणजे श्रेयनामावलीही अपुरी असू शकते, याची कबुली तिच्या माथ्यावरच दिलेली आहे.

२६/ यावरून आपण काय घ्यावे? इतिहास लिहिताना आपणही चुका शोधण्याचेच साधन वापरतो. जुन्या विधानांना थांबा लावतो, आत डोकावतो, कोणी कोणाकडून काय घेतले याची साखळी मागे मागे पाहतो. १९४५ हे साल मी ज्या लेखातून घेतले, त्याने ते आणखी कुठून घेतले होते. माझ्या धाग्यातून ते किती जणांनी पुढे नेले, हे मला सांगता येणार नाही. हजारो वाचकांपैकी एकाने थांबून दोन ओळी लिहिल्या. पंधरा ओळींहूनही लहान दुरुस्ती, कायद्याने नगण्य!

२७/ म्हणून ठरवले आहे. जुना धागा काढणार नाही. त्यातली चूक जागच्या जागी राहील आणि खाली दुरुस्ती लिहिलेली राहील: अशुद्ध १९४५, शुद्ध १९४७, आणि ती दाखवणारा एक वाचक. यापुढील प्रत्येक धाग्याच्या शेवटी शुद्धिपत्रासाठी जागा मोकळी ठेवीन. या धाग्यातही काही निसटले असेल. आढळल्यास अवश्य लिहा, २.५६ डॉलर देणे मला परवडणारे नाही, पण नोंद नक्की राहील.

शुद्धिपत्र:
(तूर्त कोरे)